प्रौढांच्या शिक्षकाचें शिक्षण

लहान मुलांना कसें शिकवावें या विषयावर मराठींत झालेलें लेखन थोडें नाहीं. ताराबाई मोडकांनीं बालशिक्षणाचें कार्य आरंभिल्यापासून मुलाच्या खेळाला, चुकीला आणि हट्टालाही कांहीं अर्थ असतो, ही गोष्ट सुशिक्षित घरांतील आईबापांस हळूहळू पटूं लागली. मुलांना शिकविणाराला प्रथम स्वतः शिकावें लागतें, याविषयीं आज कोणी वाद घालीत नाहीं. परंतु शिकणारा चाळीस वर्षांचा असला म्हणजे आपली ही सारी सावधगिरी कोठें जाते कोण जाणे! ज्याला वाचतां येतें त्याला वाचावयास शिकवितांही येतें, अशी एक समजूत आपल्या मनांत खोल रुजलेली आहे. स्वयंसेवकाच्या हातीं एक वाचनपाठ, एक फळा आणि उत्साहाचे चार शब्द दिले, कीं त्याची तयारी झाली असें आपण मानतों; आणि त्याच्यापुढें येऊन बसणारीं दहाबारा माणसें म्हणजे एकाच निरक्षर माणसाच्या दहाबारा प्रती होत, असेंही नकळत गृहीत धरतों.

या समजुतीला ज्यांनीं धक्का दिला, त्यांत ब्राझीलचे शिक्षणचिंतक पाउलो फ्रेरे यांचें नांव अग्रभागीं आहे. त्यांचा 'पेडॅगॉजी ऑफ दि ऑप्रेस्ड' हा ग्रंथ इंग्रजींत १९७० सालीं प्रसिद्ध झाला. आज त्याचें नांव जितकें घेतलें जातें, तितका तो वाचला जातो असें वाटत नाहीं. त्याच्या राजकीय तत्त्वज्ञानाची चर्चा पुष्कळ झाली आहे. ती येथें पुन्हां करण्याचा हेतु नाहीं. प्रस्तुत लेखांत त्या ग्रंथाला एकच प्रश्न विचारावयाचा आहे. ज्या माणसाला उद्यां सायंकाळीं परस्परांहून सर्वस्वीं भिन्न अशा दहाबारा प्रौढांपुढें उभें राहावयाचें आहे, त्याला हा ग्रंथ काय देतो, आणि काय देत नाहीं?

फ्रेरे यांचा जन्म १९२१ सालीं ब्राझीलच्या ईशान्य भागांतील रेसिफे या शहरीं झाला. हा प्रदेश ऊंसाच्या मोठाल्या मळ्यांचा, थोड्या जमीनदारांचा आणि असंख्य मजुरांचा. त्या काळीं ब्राझीलमध्यें निरक्षराला मताचा अधिकार नव्हता. तो त्याला १९८५ सालीं मिळाला. त्यामुळें अक्षरओळख म्हणजे तेथें नागरिकत्वाचा उंबरठाच होता. १९६३ सालीं आंगिकोस या गांवीं फ्रेरे व त्यांचे सहकारी यांनीं सुमारे ३०० प्रौढांना अवघ्या ४० तासांच्या पाठांत लिहावयास-वाचावयास शिकविलें, आणि त्या प्रयोगाची कीर्ति देशभर पसरली. सरकारनें १९६४ सालासाठीं अशा २० हजारांवर वर्गांची योजना आंखली. शिक्षक तयार करण्याचे वर्ग निरनिराळ्या प्रांतांच्या राजधान्यांतून सुरूही झाले. परंतु त्याच वर्षीं लष्करानें सत्ता बळकाविली, योजना गुंडाळली गेली आणि फ्रेरे यांना प्रथम तुरुंगवास व मागाहून देशत्याग पत्करावा लागला. उपरिनिर्दिष्ट ग्रंथ त्यांनीं चिली देशांत आश्रित म्हणून राहत असतांना लिहिला.

त्यांच्या पद्धतींत वर्गाला 'संस्कृति-मंडळ' आणि शिक्षकाला 'समन्वयक' म्हणत. प्रथम वस्तींत जाऊन लोकांच्या नित्याच्या बोलण्यांतले शब्द गोळा करावयाचे आणि त्यांतून पंधरा-सतरा शब्द निवडावयाचे. 'तिजोलो' म्हणजे वीट, हा त्यांपैकीं एक. या शब्दाचे तुकडे करून प्रत्येक तुकड्याचा स्वरांसह विस्तार मांडला, कीं शिकणारे त्या तुकड्यांची जुळणी करून नवे शब्द स्वतःच बनवूं लागतात. मराठी वाचकाला यांत आपल्या बाराखडीची धाकटी बहीण भेटल्यासारखें वाटेल. मात्र अक्षरांच्या आधीं कांहीं दिवस केवळ चित्रांवर चर्चा होई. एका चित्रांत बंदूक घेतलेला शिकारी असे, दुसऱ्यांत उंदीर पकडणारें मांजर. दोघेही शिकार करतात, मग फरक कोणता, असें समन्वयक विचारी. आणखी एका चित्रांत मडकीं घडविणारा कुंभार असे. मातीला आकार देणारा हा मनुष्यही संस्कृतीचा निर्माता आहे, आणि ज्या अर्थीं तो आहे त्या अर्थीं आपणही आहोंत, हें ज्यांनीं कधीं अक्षर पाहिलें नाहीं अशीं माणसें या चर्चेंतून आपल्या तोंडानें म्हणूं लागत. पाटी हातीं येई ती त्यानंतर.

या पद्धतीचें मर्म चित्रांत किंवा शब्दांच्या निवडींत नसून शिकणाराकडे पाहण्याच्या दृष्टींत आहे. प्रचलित शिक्षणाला फ्रेरे यांनीं पेढीच्या व्यवहाराची उपमा दिली आहे. शिक्षक ठेव ठेवणारा. विद्यार्थी म्हणजे रिकामी तिजोरी. जो अधिक निमूटपणें ठेव स्वीकारील तो अधिक हुशार. प्रौढाच्या बाबतींत ही टीका विशेषच लागू पडते, कारण प्रौढ रिकामा नसतोच. त्यानें संसार केलेला असतो, दोन दुष्काळ पाहिलेले असतात, सावकाराशीं व्याजाचा वाद घातलेला असतो, मुलीचें लग्न जुळविलेलें असतें. त्याला येत नाहीं ती एक गोष्ट. त्याला येतात त्या शंभर. एवढ्या एका गोष्टीवरून शिक्षक त्याची सर्व किंमत करूं लागला, तर तो मनुष्य उद्यां वर्गाला येणार नाहीं. आणि मुलाप्रमाणें त्याला कोणी कान धरून आणून बसविणारही नाहीं.

शिक्षकाच्या तयारीसंबंधानें फ्रेरे यांचें सर्वांत मोलाचें विधान मात्र या ग्रंथांत नाहीं. तें त्यांच्या १९६७ च्या पोर्तुगीज निबंधांत आहे. समन्वयकाला पद्धतीचें तंत्र शिकविणें अवघड नाहीं. अवघड आहे ती त्याच्या ठायीं संवादाची वृत्ति उत्पन्न करणें, कारण त्याच्या स्वतःच्या संगोपनांत आणि शिक्षणांत ती त्याला कोठेंच भेटलेली नसते, असा त्या विधानाचा आशय आहे. या एका वाक्यासाठीं फ्रेरे यांचें ऋण मान्य करावयास हवें. मनुष्य ज्या रीतीनें शिकलेला असतो त्याच रीतीनें तो शिकवितो. ज्यानें वर्गांत उत्तर चुकल्यावर हंशा ऐकला, तो शिक्षक झाल्यावर हंसणार नाहीं कदाचित्. पण चुकीची वाट मात्र पाहत राहील. दोन दिवसांच्या व्याख्यानांनीं ही सवय जात नाहीं. म्हणून शिक्षकाचें शिक्षण म्हणजे प्रथम त्याला अंगवळणीं पडलेल्या कांहीं गोष्टी विसरावयास लावणें होय.

येथें मला स्वतःच्या एका अपयशाची हकीकत सांगणें प्राप्त आहे. कारण फ्रेरे यांच्या ग्रंथाविषयीं माझें जें मत झालें आहे तें या हकीकतीवांचून समजणार नाहीं. १९९१ च्या सुमारास देशांतील अनेक जिल्ह्यांत संपूर्ण साक्षरतेच्या मोहिमा चालू होत्या आणि आम्ही महाविद्यालयांतले कांहीं विद्यार्थी एका खेड्यांत शिकवावयास जात होतों. तीन दिवसांच्या शिबिरांत आम्हांला वाचनपाठाचीं पानें कशीं शिकवावींत तें सांगण्यांत आलें. त्या पानांपुढें कोण बसणार आहे तें सांगण्यांत आलें नाहीं. देवळाच्या सभामंडपांत कंदिलाच्या उजेडांत वर्ग भरे. त्यांत पन्नाशी उलटलेली एक बाई होती. तिला आम्ही सारे आजी म्हणत असूं. ऐकलेला पाठ तिला सर्वांच्या आधीं तोंडपाठ होई. पण पुस्तक पुढें धरलें कीं ती गोंधळे, 'ब' ला 'व' म्हणे, ओळ सोडून भलतीकडेच बोट ठेवी. दोनतीन आठवड्यांनीं मीं तिची पाळी वगळूं लागलों, आणि त्यांत आपण तिच्यावर दयाच करीत आहोंत अशी माझी समजूत होती. एकदां वर्गापूर्वीं ती गोधडी शिवीत बसली होती. सुईंत दोरा ओवण्यासाठीं तिनें नातीला हांक मारली, हें मीं पाहिलें. पण त्यांतून मला कांहींच सुचलें नाहीं. त्याच संध्याकाळीं ती मला म्हणाली, "मास्तर, आमास्नी ह्या वयात कशाला हो अक्षरं? आमचं डोस्कंच न्हाई त्यातलं." मीं तोंडदेखला नकार दिला, मनांत तिच्याशीं सहमत झालों. दिवाळीनंतर ती आली नाहीं.

पुढें माझे स्वतःचे डोळे त्रास देऊं लागले आणि डॉक्टरांनीं चाळिशी लावावयास सांगितली, त्या दिवशीं मला त्या गोधडीची आठवण झाली. तिच्या डोक्यांत कांहीं उणें नव्हतें. तिला जवळचें दिसत नव्हतें. पोरासोरांनाही ठाऊक असलेली ही गोष्ट पदवीच्या वर्गांत बसणाऱ्या मला सुचली नाहीं, कारण 'निरक्षर' हा शब्द तिच्यावर एकदां चिकटविल्यावर तिच्याकडे निराळें पाहण्याची मला गरजच वाटली नव्हती.

त्याच वर्गांत मेंढ्या राखणारा एक गृहस्थ होता. कळपाची मोजदाद तो विसांनीं करी. सदुसष्ट मेंढ्या त्याच्या लेखीं तीन विसा आणि सात. हिशेबांत तो कधीं चुकत नसे. पुस्तकांतील 'सदुसष्ट' हा आंकडा मात्र त्याच्याकडून वठेना, कारण उच्चारांत सात आधीं येतात आणि लिहितांना सहा आधीं काढावे लागतात. मीं त्याची विसांची मोजणी 'चुकीची' म्हणून थांबविली. तीच त्याची पायरी होती, हें मला कळलें नाहीं.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. फ्रेरे यांचा ग्रंथ मीं तेव्हां वाचला असता, तर या दोन चुका टळल्या असत्या काय? मेंढपाळाची बहुधा टळली असती. शिकणाराच्या ज्ञानापासून आरंभ करा हा तर त्या ग्रंथाचा मूलमंत्र आहे. आजीच्या बाबतींत मात्र मला तशी खात्री वाटत नाहीं. तिची पाळी वगळण्याचा उद्धटपणा माझ्या हातून घडला नसता, हें खरें. पण संवाद कितीही मनमोकळा झाला तरी त्यांत ती काय सांगणार होती? आपलें डोकेंच त्यांतलें नाहीं, हेंच. ज्यांना आयुष्यभर कमी लेखलें गेलें, तीं माणसें तोच अभिप्राय स्वतःविषयीं खरा मानूं लागतात, हें फ्रेरे यांनीं फार मार्मिकपणें दाखविलें आहे. परंतु त्या न्यूनतेचें मूळ ते केवळ सत्तेच्या व्यवस्थेंत शोधतात. तें कधीं कधीं डोळ्यांच्या भिंगांतही असतें, कानांत असतें, जिभेंत असतें, याची दखल त्यांनीं जवळजवळ घेतलेलीच नाहीं.

माझ्या मतें हें त्या ग्रंथाचें मोठें वैगुण्य होय. त्यांतील 'पीडित' हा एक वर्ग आहे. ती अनेक माणसें नाहींत. त्याला वय नाहीं, व्यंग नाहीं, पाळण्यांतलें मूल नाहीं. मूळ ग्रंथांतील भाषा तर सर्वत्र पुरुषवाचक होती. त्याबद्दल अमेरिकेंतील स्त्रियांनीं पत्रें लिहून तक्रार केली, आणि ती योग्य होती अशी कबुली फ्रेरे यांनीं 'पेडॅगॉजी ऑफ होप' या १९९२ च्या पुस्तकांत मोकळ्या मनानें दिली. हा त्यांचा मोठेपणा खरा. पण भाषेंतील सर्वनामें सुधारल्यानें प्रश्न संपत नाहीं. नवरा जेवल्याखेरीज जिला घराबाहेर पडतां येत नाहीं आणि मांडीवरचें मूल झोंपल्याखेरीज पाटी धरतां येत नाहीं, तिच्यासाठीं वर्ग केव्हां आणि कोठें भरवावा, या प्रश्नाला तत्त्वज्ञान पुरत नाहीं. तेथें व्यवहाराची बारीक नजर लागते.

ही नजर ज्यांच्यापाशीं होती असे एक गृहस्थ म्हणजे फ्रँक लॉबाक. विचारांच्या उंचींत त्यांची फ्रेरे यांच्याशीं तुलना होणार नाहीं. ते अमेरिकन मिशनरी; फिलिपाइन्स बेटांत त्यांनीं साक्षरतेचें कार्य सुरू केलें, 'प्रत्येकानें एकास शिकवावें' हें घोषवाक्य जगभर नेलें, आणि १९३५ पासून ते भारतांतही येऊन येथील भाषांसाठीं तक्ते तयार करण्यास साहाय्य करीत. त्यांच्या तक्त्यांत माणसाचें आयुष्य नाहीं. अक्षराच्या आकाराशीं जुळणारीं वस्तूंचीं चित्रें आहेत. शिकणारा गरीब कां, हें ते विचारीत नाहींत. परंतु शिकणाराच्या शेजारीं बसा, समोर उभे राहूं नका; ज्याचें उत्तर त्याला येणार नाहीं असा प्रश्न विचारूं नका; चुकल्यावर 'नाहीं' म्हणूं नका; त्याला एखाद्या राजाचा मान द्या, अशा त्यांच्या सूचना ज्यानें एकदां तरी प्रौढाला शिकविलें आहे त्याला अमोल वाटतील. एका वेळीं एकालाच शिकवावयाचें, असा त्यांचा परिपाठ. ज्याच्या शेजारीं आपण बसतों त्याचें पुस्तक डोळ्यांपासून किती दूर धरलें आहे तें आपल्या लक्षांत येण्याचा संभव असतो. फळ्याजवळ उभें राहणाराला तें दिसत नाहीं. फ्रेरे यांनीं शिकणाराचें जग पाहिलें, लॉबाक यांनीं त्याची बैठक पाहिली. शिक्षकाच्या तयारींत दोहोंची जोड हवी.

या दोघांनंतर ज्ञानाची जी भर पडली आहे, तीही याच दिशेनें बोट दाखविते. प्रौढपणीं वाचन शिकणें व्यर्थ आहे, हा समज २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या स्तानिस्लास दहेन व त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनानें खोटा ठरविला. ब्राझील आणि पोर्तुगाल येथील ६३ प्रौढांच्या मेंदूंची पाहणी करून त्यांनीं दाखविलें कीं, वाचनामुळें मेंदूंत होणारे बहुतेक बदल मोठेपणीं शिकलेल्यांतही घडून येतात. २०१८ सालीं आसामांतील चहाच्या मळ्यांत चाळिशी ओलांडलेल्या ७५१ मजुरांची पाहणी प्रसिद्ध झाली. ज्यांना जवळचा चष्मा देण्यांत आला, त्यांच्या पानें खुडण्याच्या कामांत इतरांपेक्षां सुमारे २२ टक्क्यांनीं अधिक वाढ झाली. पान खुडण्यास जो चष्मा इतका उपयोगी पडतो, तो 'ब' आणि 'व' यांतील रेघ ओळखण्यास किती पडेल! दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा २१ प्रकारच्या व्यंगांचा निर्देश करतो, त्यांत अध्ययनाची विशिष्ट अक्षमताही आहे; आणि त्याचें १८ वें कलम प्रौढशिक्षणांत अशा व्यक्तींना इतरांच्या बरोबरीनें सहभागी करून घेण्याचें कर्तव्य सरकारावर टाकतें. कायदा झाला, पण त्याची अंमलबजावणी अखेर वर्गांत बसलेल्या स्वयंसेवकाच्या हातून व्हावयाची असते. २०२२ ते २०२७ या पांच वर्षांसाठीं आंखलेला 'उल्लास' कार्यक्रमही स्वयंसेवकांच्याच बळावर उभारलेला आहे. म्हणून त्या स्वयंसेवकाला काय शिकवावें, हा प्रश्न गौण नव्हे.

माझ्या अल्पमतीनें त्याचें शिक्षण वाचनपाठाच्या पहिल्या पानानें सुरूच होऊं नये. पहिल्या भेटींत पुस्तक उघडूं नये. समोरचा मनुष्य दिवसभर काय करतो, मोजतो कसें, घरीं कोणती बोली बोलतो, पूर्वीं शाळेंत गेला होता काय आणि गेला असल्यास कां सुटली, हें त्यानें केवळ ऐकावें. अहिराणी, मालवणी किंवा गोंडी बोलणाराला पुस्तकांतील मराठी ही अर्धी परकी भाषा असते; त्याची ती अडचण मंदपणा म्हणून नोंदली जाऊं नये. चाळिशीच्या पुढच्या प्रत्येकाची नजर प्रथम तपासून घ्यावी आणि चष्म्याची सोय होईपर्यंत मोठ्या अक्षरांत शिकवावें. कानानें अधू असलेल्याला पुढें, बोलणाराचे ओंठ दिसतील असें बसवावें. ज्याला उजेड, बैठक, चष्मा हें सारें मिळूनही अक्षरांचा क्रम सारखा उलटापालटा होतो, त्याला जाणत्या माणसाकडे न्यावें. त्याला आळशी म्हणूं नये. जो फार सावकाश वाचतो त्याच्या मनांतून वाक्याचा आरंभ शेवटापर्यंत पोहोंचण्याआधींच निसटतो, हें हेलन अबाद्झी यांनीं २००३ सालच्या आपल्या अहवालांत प्रौढांच्या संदर्भांत विशेषेंकरून मांडलें आहे. तेव्हां अक्षरें ओळखतां येऊं लागलीं म्हणून वर्ग बंद करूं नये. वेग येईपर्यंत चालवावा. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, शिक्षकांनीं महिन्यांतून एकदां एकत्र जमून, आपल्या वर्गांतून कोण येईनासें झालें आणि कां, एवढ्याच विषयावर बोलावें. मला जर तसें कोठें बोलावें लागलें असतें, तर त्या गोधडीचा उल्लेख माझ्या तोंडून सहज निघाला असता, आणि ऐकणारांपैकीं एखादी वडीलधारी बाई चटकन् म्हणाली असती, "अहो, तिला दिसत नसेल!"

फ्रेरे यांच्या ग्रंथाविषयीं अखेरचें मत द्यावयाचें तर तें असें. ग्रंथ कठीण आहे. कित्येक पानें सूत्रमय आणि पुनरुक्तीनें भरलेलीं आहेत. आणि माणसामाणसांतील भेदांकडे त्याचें दुर्लक्ष झालें आहे. असें असूनही प्रौढांना शिकवूं इच्छिणारानें तो वाचल्याविना राहूं नये, कारण शिकविणाराच्या अहंकारावर इतका नेमका प्रहार दुसऱ्या पुस्तकांत क्वचितच आढळेल. मात्र तो वाचून झाल्यावर त्यानें एकदां शिकणाराच्या शेजारीं जाऊन बसावें आणि त्याच कंदिलाच्या उजेडांत तेंच पान स्वतः वाचून पाहावें. महात्मा फुले यांनीं १८५५ सालीं पुण्यांत श्रमिक स्त्रीपुरुषांसाठीं रात्रींची शाळा काढली, तेव्हांपासून आपल्याकडे प्रौढांचे वर्ग निघत आले आहेत आणि यापुढेंही निघतील. त्या वर्गांतून न बोलतां उठून गेलेल्यांची गणती मात्र अद्याप कोणी ठेवलेली नाहीं. माझ्या वर्गांतील एकीची तरी ती येथें व्हावी, म्हणून हें लिहिलें.